आउटर सिग्नलला थांबलेलं व्याख्यान

आप्पा,

तुमची शोकसभा तीन दिवस चालली. पहिल्या दिवशी देवळात, दुसऱ्या दिवशी तुमच्या अंगणात, तिसऱ्या दिवशी मेंढवाड्यावर. एवढं ऐकून तुम्ही मिशीतल्या मिशीत हसला असाल आणि म्हणाला असाल, "मग मॅडम, जमलं का न्हाई?" जमलं आप्पा. माणूस गेल्यावर लोक एक दिवस हळहळतात आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागतात. तुमच्यासाठी लोक तीन दिवस तीन जागी मांडी घालून बसले, आणि वक्ता म्हणून तिन्ही दिवस मीच. घसा पार बसलाय. तुम्ही असतात तर खडीसाखर दिली असतीत आणि वर ऐकवलं असतंत की विद्यापीठाच्या लोकांचा घसा नाजूक असतो.

तात्यांचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात प्रॅक्टिकल घेत होते. "आप्पा गेलं, मॅडम," एवढंच म्हणाले आणि फोन बंद. मी मुलांना सुट्टी दिली, खुर्चीत बसले आणि पहिलं काय आठवलं असेल तर तुमची लूना. हसू नका. मला तुमचा चेहरा आठवायला हवा होता, हार, फोटो, तसलं काहीतरी. आठवला तो यवतच्या एसटी स्टँडसमोर लूनाला टेकून उभा असलेला माणूस, एसटीकडे न बघता मनगटावरच्या घड्याळाकडे बघणारा. मी खाली उतरले, तर नमस्कार राहिला बाजूला, "गाडी लेट हाय तुमची," असं म्हणालात. जशी एसटी मीच चालवत होते.

त्या वेळी मी नवी होते. विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाकडून गावोगाव व्याख्यानं होत, तशी तुमच्या गावातही होत. राहूच्या पुढे नदीच्या अंगाला असलेलं ते गाव मी नकाशातही पाहिलं नव्हतं. गावातल्या व्याख्यान-केंद्राचं काम कुणालाच नको होतं, म्हणून ते तुमच्याकडे आलेलं, हे तुम्हीच मला हसत सांगितलंत. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेला माणूस, त्याला आता काय काम, असं म्हणून तात्यांनी, म्हणजे तेव्हाच्या सरपंचांनी, ते तुमच्या गळ्यात घातलं. तोवरची व्याख्यानं देवळाच्या सभामंडपात व्हायची. पुढे शाळेतून हाकून आणलेली पोरं, मागे खांबाला टेकून पेंगणारी चार म्हातारी माणसं, आणि पाहुण्यांचा परिचय व्याख्यानाहून लांब. शाल, श्रीफळ, आभार, चहा, एसटी. झालं विद्यापीठ खेड्यात जाऊन.

माझी तीन व्याख्यानं होती. चंद्र, ग्रह आणि तारे, रोज एक. मी छान नीटनेटकी लिहून आणली होती, प्रत्येकाला सुरुवात, मध्य, शेवट. लूनावर मागे बसून मी ती तुम्हाला ऐकवली. चढ आला की मी उतरायची, चालायची, पुन्हा बसायची आणि पुढचं सांगायची. तुम्ही मान हलवत होता. मला वाटलं, माणूस प्रभावित झालाय. गाव दिसायला लागलं तशी तुम्ही लूना थांबवलीत.

"मॅडम, ती चंद्राकडं जाताना यानाची टाकी फुटल्याची गोष्ट हाय ना तुमच्या पहिल्या दिवसात, ती किती येळ सांगणार?"

"पाच मिनिटं. उदाहरण म्हणून आहे ते."

"तीच सांगा. तीन दिवस."

मी भडकले. ग्रहांचं काय, ताऱ्यांचं काय, विषय विद्यापीठाने मंजूर केलेत. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "हे बघा. गाडी स्टेशनात थांबली की माणसं उतरून आपापल्या घरी जात्यात. तीच गाडी स्टेशनाच्या अलीकडं आउटर सिग्नलला थांबली, की एक माणूस उतरत न्हाई. समदी खिडकीतनं डोकी भाईर काढून बघत बसत्यात, आता हालंल, आता हालंल. तुम्ही व्याख्यान आउटरला थांबवायचं. स्टेशनात न्यायचंच न्हाई."

आणि मग दुसरी गोष्ट सांगितलीत. आज देवळात, उद्या आपल्या बुद्धवस्तीत, समाजमंदिरापुढच्या तुमच्याच अंगणात, परवा मेंढवाड्यावर. धनगरांची वस्ती, माळावर. मी विचारलं, "गावाला माहीत आहे हे?" तर तुम्ही लूनाला किक मारलीत.

पुढचं तुम्ही गाडी चालवता चालवता, पाठमोरेच बोललात, म्हणून बोलू शकलात असं मला वाटतं. "रनिंग रूमला, गार्ड-ड्रायव्हरांच्या मुक्कामाच्या खोलीत, तीस वर्सं समद्या जातीच्या माणसांसंगं जेवलो मी. मनमाडला, सोलापूरला. एका डब्यातलं कालवण दुसऱ्याच्या भाकरीवर. कुणी इचारलं न्हाई. रिटायर होऊन गावात आलो, आन् वरच्या आळीचा एक माणूस माझ्या अंगणात बुड टेकवत न्हाई. दारातनं बोलत्यात, 'आप्पा, बरं हाय ना?' उभ्यानं. वाईट कुणी न्हाई हो, मॅडम. पर बसत न्हाईत. एकदा बसलेली बघायचीत मला. मरायच्या आत."

"मग मी समतेवर बोलू का थोडं?"

"एक शब्द बोलायचा न्हाई!" लूना हलली इतक्या जोरात ओरडलात. "समतेवर बोललं की समदी टाळ्या वाजवत्यात आन् घरला जात्यात. तुम्ही आपलं ती टाकी फोडा."

तेव्हा आपलं भांडण सुरू झालं आप्पा, ते शेवटपर्यंत मिटलं नाही. म्हणजे माझं विज्ञान हे निव्वळ निमित्त? मी म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ? तुम्ही म्हणालात, "गांडुळाशिवाय मासा लागत न्हाई, ही काय कमी इज्जत हाय का?" मी दिवसभर तुमच्याशी बोलले नाही. संध्याकाळी मात्र टाकी फोडली.

पहिल्या दिवशीचं देवळातलं मला आजही जसंच्या तसं आठवतं. तीन माणसं, लोखंडी डबा, घर मागे पडलंय, चंद्र पुढे आहे. मी हळूहळू सांगत गेले. खांबाला टेकलेली म्हातारी माणसं सरळ बसली. आणि मग टाकी फुटली, प्राणवायू बाहेर चालला, खिडकीतून तो वाफेसारखा जाताना त्यांनाच दिसला. मागे फिरावं तर यंत्राचा भरवसा नाही. मग त्यांनी ठरवलं की... आणि तुम्ही दाराशी उभं राहून तुमची गार्डाची शिट्टी वाजवलीत. सभामंडपात ती अशी घुमली की दोन पोरं दचकून रडली.

"पुढचं उद्या," तुम्ही म्हणालात. "बुद्धवस्तीत, समाजमंदिरापुढं, माझ्या अंगणात."

मग तात्या उठले, सभ्यपणे म्हणाले, "आप्पा, उद्याबी हितंच ठेवा की. समद्यांच्या सोयीचं हाय." आणि तुम्ही त्याहून सभ्यपणे म्हणालात, "ठेवलं असतं तात्या, पर उद्या हितं भजन हाय." दोन गाड्या एका रुळावर कशा येतील, असा तुमचा चेहरा. भजनाचा वार बघूनच तुम्ही माझी तारीख मागून घेतली होती, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी तुमच्या अंगणाला सकाळपासून उसंत नव्हती. तुमच्या घरच्या काकूंनी सडा घातला, तो वाळला म्हणून परत घातला. वस्तीतल्या बायांनी घरोघरच्या सतरंज्या आणून अंथरल्या. चहाचं मोठं पातेलं चुलीवर चढलं, आणि काकू माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "एवढा च्या टाकलाय खरा, पितंय कोण?" त्यांच्या आवाजात जे होतं ते मी विसरू शकत नाही. चहा वाया जाण्याची भीती नव्हती ती.

दिवे लागले. वस्ती येऊन बसली. सतरंज्यांचा पुढचा भाग तुम्ही मोकळा ठेवायला लावला होता, तो मोकळाच राहिला. देवळातून टाळ ऐकू येत होते. मी म्हटलं, "आप्पा, सुरू करू?" तुम्ही घड्याळ बघितलंत. "सिग्नल न्हाई अजून." मला तुमची कीव आली आणि रागही आला. माणसाने इतकी आशा धरू नये, असं वाटलं.

आणि मग टाळ थांबले. मध्येच, अभंग अर्ध्यावर असताना. थोड्या वेळाने रस्त्यावर पावलं वाजली आणि भजनी मंडळ आलं, गळ्यात टाळ तसेच. मागे मृदंगवाला, मृदंग कुठेतरी टाकून आलेला. त्यांच्या मागे तात्या, तात्यांची म्हातारी आई गोदाआजी, त्यांच्या मागे वरची आळी. "त्यांनी काय ठरवलं, मॅडम?" एकाने लांबूनच विचारलं.

पण आप्पा, ते उभे राहिले. अंगणाच्या कडेला, लिंबाच्या झाडापासून रस्त्यापर्यंत ओळी करून उभे राहिले. तात्या झाडाला पाठ लावून, हाताची घडी घालून. सतरंजी समोर रिकामी, आणि तिच्यावर पाऊल टाकायला कुणी तयार नाही. आले, पण उभ्यानं. तुम्ही म्हणाला होतात तसंच.

मी बोलायला लागले. लिंबाखाली स्टुलावर अँप्लिफायर होता, त्याच्यापाशी तुम्ही. मी यानाबद्दल सांगत होते की ते चंद्राला वळसा घालून, चंद्राच्याच ओढीने परत फेकलं जाणार आहे, गोफणीतल्या दगडासारखं, आणि माझा आवाज मलाच कमी ऐकू यायला लागला. बघितलं तर तुमचा हात आवाजाच्या कळीवर. तुम्ही ती हळूहळू खाली आणत होता. चेहरा एकदम निरागस.

"मोठ्यानं बोला, मॅडम!" कडेवरून कुणीतरी.

"कर्णा फाटलाय," तुम्ही म्हणालात. "जवळ यावं लागंल."

एक पाऊल. दुसरं पाऊल. पहिली ओळ सतरंजीपाशी आली, चपला काढल्या, सतरंजीवर आली आणि उभी राहिली. मग मागून त्यांच्याच आळीतला एक जण खेकसला, "आरं बसा की खाली म्होरं! आमाला दिसत न्हाई!" आणि पुढचे बसले. एक बसला, दुसरा बसला, मग मागचे बसले, त्यांच्या मागचे बसले. तात्या शेवटी बसले, पण बसले. मी बोलत राहिले, काय बोलले देव जाणे. मी तुमच्याकडे बघायचं टाळत होते, कारण बघितलं असतं तर व्याख्यान तिथेच संपलं असतं.

मग मी गारठ्याचं सांगितलं. वीज वाचवायला त्यांनी सगळं बंद केलं, डब्यात बर्फासारखी थंडी, भिंतींना दव, तोंडातून वाफा. तुम्ही काकूंना खूण केलीत आणि चहा आला. पेले फिरायला लागले आणि वरच्या आळीपाशी येऊन ते ताट थांबलं. कुणी घेईना, कुणी नको म्हणेना. काकू ताट धरून उभ्या. तेव्हा गोदाआजी कडाडल्या, "आरं, ती लेकरं वर गारठून मरायला लागल्यात, आन् तुम्ही च्याकडं काय बघत बसलाय?" आणि त्यांनी पेला उचलला, फुंकर मारली, सुर्रकन ओढला. त्याचं आणि याचं काय नातं, हे मी भौतिकशास्त्राच्या कुठल्याही नियमाने सांगू शकत नाही. पण ताट रिकामं झालं. काकू आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत, आणि त्या का आल्या नाहीत ते अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी मेंढवाड्यावर निमंत्रणाची गरजच उरली नाही. माळावर दिवस मावळायच्या आत माणूस मावेना. मी हवाई छत्र्या उघडल्याचं सांगितलं, समुद्रात डबा पडल्याचं सांगितलं, आणि कुणीतरी "आलं, आलं!" म्हणून भंडारा उधळला. माझी साडी पिवळी, तुमची टोपी पिवळी, भजनी मंडळ पिवळं. वाड्यावरचा एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "तीन गेलं, तीन आलं. बास." मेंढरं घरी आल्यावर म्हणत असेल तसंच. मी आजवर दिलेल्या व्याख्यानांवरचा तो सगळ्यात चांगला अभिप्राय.

परत यवतला सोडायला आलात तेव्हा तुम्ही विचारलं होतंत, "मॅडम, ती तिघं परत आलीच नसती तर तुम्ही काय केलं असतं?" मी म्हटलं, "आली ना? मग कशाला?" आणि एसटीत चढले. तो प्रश्न तसाच राहिला.

त्यानंतर दरवर्षी तेच. वक्ते बदलले, विषय बदलले, पण तीन वस्त्या, तीन दिवस आणि एक गोष्ट, हा तुमचा नियम बदलला नाही. इतिहासाचे एक मोठे प्राध्यापक पुण्यात मला भेटून तक्रार करत होते, "अहो, ऐन लढाईत शिट्टी वाजवतात!" मी म्हटलं, "लोक दुसऱ्या दिवशी आले का?" म्हणाले, "आले, पण..." पुढचं मी ऐकलं नाही. मग शिरूरकडच्या दोन-चार गावांनीही ही पद्धत उचलली, आणि विभागातल्या बैठकीत कुणीतरी तिला उपक्रम म्हणायला लागलं. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, "नाव ठिवलं व्हय? आता मोडंल." मोडली नाही. मीही कॉलेजातले माझे तास आउटरला थांबवायला लागले. मुलं शिव्या देतात आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर येतात.

भांडण मात्र चालूच. तुमची नात आणि तात्यांची नात, दोघींनी दौंडला विज्ञान शाखा घेतली, तेव्हा मी विजयी मुद्रेने म्हटलं, "बघा आप्पा, विज्ञान!" तुम्ही म्हणालात, "बघा मॅडम, खोली एकच घेतलीया दोघींनी." कोण जिंकलं? मला वाटायचं मी. तुम्हाला वाटायचं तुम्ही. बरं होतं ते. तुमच्याशी भांडायला मिळावं म्हणून मी कितीदा यवतच्या एसटीत बसले, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगते. वडील गेल्यावर मला "लेट हाय तुमची गाडी" असं हक्काने म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं.

सभेचं सांगते. पहिल्या दिवशी देवळात मी तुमच्या त्या दुसऱ्या दिवसाचीच गोष्ट सांगायला घेतली. सडा, सतरंज्या, पातेलं. लोक येतात, कडेला उभे राहतात, सतरंजी रिकामी... आणि तुमच्या नातीने तुमची शिट्टी वाजवली. आप्पा, जे तिथे बसले होते तेच त्या दिवशी उभे होते. पुढे काय झालं हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक. तरी एकाने विचारलं, "मग? मग काय झालं?" आणि सगळा सभामंडप हसला, रडत रडत.

दुसऱ्या दिवशी तुमच्या अंगणात जागा नव्हती. लिंबाखाली अँप्लिफायर, आणि तुमच्या जागी स्टुलाशेजारी तात्या, आता काठी टेकणारे. मी गोष्ट पुढे न्यायला लागले आणि सहज रस्त्याकडे नजर गेली. तिथे कडेला एक ओळ उभी होती. गुऱ्हाळावर कामाला आलेले यूपीचे लोक. पाच-सहा वर्षं झाली त्यांना गावात, उसाच्या पाचटाच्या झोपड्यांत राहतात. गर्दी दिसली म्हणून आले असतील. किंवा तुम्ही त्यांनाही कधी गाडीचं वेळापत्रक सांगितलं असेल, तुमचा काही नेम नाही. हात बांधून उभे होते, अंगणाबाहेर.

माझा आवाज मला कमी ऐकू यायला लागला.

मी वळून बघितलं. तात्यांचा हात कळीवर होता. हळूहळू, तुमच्यासारखाच, चेहरा निरागस.

"आवाज नहीं आ रहा, बाबूजी," रस्त्यावरून एक जण.

"भोंगा खराब हो गया है," तात्या म्हणाले. "नजदीक आव. हां, हां, अंदर. बैठो."

ते आले. चपला काढल्या. पुढे बसलेली वरची आळी, तुमची वस्ती, मेंढवाडा, सगळे न सांगता सरकले आणि सतरंजीवर जागा झाली. काकू उठल्या आणि कुणी काही म्हणायच्या आत चहाचं ताट सरळ त्यांच्यापाशी घेऊन गेल्या.

सभा संपल्यावर मी तात्यांना गाठलं. "तात्या, तुम्हाला ठाऊक होतं? आप्पांनी त्या दिवशी आवाज कमी केला होता ते?"

"मॅडम," तात्या म्हणाले, "मी ह्याच झाडाला टेकून हुबा व्हतो की. आप्पाचा हात माझ्या कमरंपाशी. दिसनार न्हाई का मला?"

"मग बोलला नाहीत?"

त्यांनी काठी स्टुलाला टेकवून ठेवली. "बसायचं तर मलाबी व्हतं," ते म्हणाले. "कुणीतरी जवळ या म्हनायची वाट बघत व्हतो."

तर आप्पा, तुमच्या त्या राहिलेल्या प्रश्नाचं उत्तर आता देते. ती तिघं परत आली नसती, तरी मी तुमच्या अंगणापर्यंत आलेच असते, आणि गावही आलं असतं. बसायचं गावालाही होतं; गोष्ट निमित्तच होती. भांडण तुम्ही जिंकलात. तिसऱ्या दिवशी मी हे मेंढवाड्यावर सगळ्यांदेखत कबूल केलं, तेव्हा भंडारा उधळला त्यांनी, आणि रस्त्यावरून बोललेल्या यूपीच्या त्या माणसाची टोपीसुद्धा पिवळी झाली.